बारा खाटांचा दवाखाना

 

आज बचत, हप्ता, व्याज यातलं काही नाही. रजिस्टर मिटून ठेवा. आज एका डॉक्टरबाईंची गोष्ट सांगणार आहे. त्या मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या. तुम्ही म्हणाल, कुठलं चेन्नई आणि कुठलं आपलं परांडा-भूम. पण ही गोष्ट का सांगावीशी वाटली, ते आधी ऐका.

मागच्या पावसाळ्यात एका गावात मासिक बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, सह्या-अंगठे झाले, चहा झाला. सगळ्या उठल्या, तरी एक मावशी बसूनच राहिल्या. पन्नाशी उलटलेली, पाळी जाऊन पाचेक वर्षं झालेली. मला म्हणाल्या, "ताई, मला परत अंगावर जातंय."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासनं."

म्हणजे सात महिने. घरात कुणाला सांगितलं होतं? कुणालाच नाही. सुनेलाही कळू नये म्हणून कपडे पहाटे धुवायच्या आणि गोठ्यात वाळत घालायच्या. मी म्हटलं, "मावशी, उद्याच दवाखान्यात जाऊ." तर म्हणाल्या, "आणि कॅन्सर निघाला तर? त्यात कोण वाचतंय व्हय? रानबी जाईल आन् मीबी जाईन."

हे ऐकून मी गप्प झाले. कारण हेच वाक्य, शब्द वेगळे पण अर्थ हाच, पूर्वी एका मंत्र्यांनीही म्हटलं होतं. मद्रासमध्ये कर्करोगाचं इस्पितळ काढायला मदत मागायला गेलेल्यांना त्यांनी विचारलं होतं, की कर्करोगाची माणसं मरतातच, मग त्यांच्यासाठी इस्पितळ हवंच कशाला? डॉ. व्ही. शांता ही आठवण पुढे अनेक वर्षं सांगत असत. शिकलेला मंत्री आणि आपली अंगठा देणारी मावशी, दोघांच्या मनात एकच भीती. डॉ. शांतांचं सगळं आयुष्य या एका समजुतीशी भांडण्यात गेलं.

पण गोष्ट डॉ. शांतांच्या आधी सुरू होते. एका बहिणीपासून.

डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचा जन्म १८८६ सालचा, पुदुकोट्टई संस्थानातला. वडील तिथल्या कॉलेजचे प्राचार्य, आणि आई देवदासी समाजातली. देवदासी म्हणजे काय, हे आपल्याकडे सांगायला नको. सौंदत्तीची यल्लम्मा आणि जेजुरीच्या मुरळ्या आपल्याला माहीत आहेत. त्या काळात मुलींना कॉलेजचं दार बंद होतं. ही मुलगी मुलांच्या कॉलेजात शिकायला निघाली तेव्हा गावात गदारोळ झाला. संस्थानच्या महाराजांनी परवानगी दिली म्हणून ती आत जाऊ शकली. १९१२ साली ती मद्रास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. १९२७ साली मद्रास प्रांताच्या कायदेमंडळात गेली. ब्रिटिश हिंदुस्थानातली ती पहिली महिला आमदार, आणि त्या सभागृहाची उपाध्यक्षही झाली. मुली देवाला सोडण्याच्या प्रथेविरुद्ध तिनं तिथं आवाज उठवला. घरदार नसलेल्या मुलींसाठी 'अव्वै होम' काढलं. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता. तीन वर्षं लढाया आणि तह पाठ केले, पण हिचं नाव एकदाही कानावर आलं नाही. असो.

मुथुलक्ष्मीबाईंची धाकटी बहीण कर्करोगानं गेली. हे १९२३ च्या आसपासचं. गुदाशयाचा कर्करोग होता. घरात डॉक्टर बहीण असून तिला वाचवता आलं नाही. तो काळ असा होता की उपचार करण्यासारखं हातात फार काही नव्हतं, आणि जे होतं त्याला उशीर झालेला. पुढे १९२५ साली मुथुलक्ष्मीबाई शिक्षणासाठी लंडनला गेल्या. तिथं त्यांनी फक्त कर्करोगासाठी चालवलेलं इस्पितळ पाहिलं, आणि असं काही आपल्याकडेही व्हायला हवं हे डोक्यात घेऊन परत आल्या.

ते व्हायला जवळजवळ तीस वर्षं लागली. मधे दुसरं महायुद्ध झालं, स्वातंत्र्य आलं. मुंबईत परळला टाटांचं इस्पितळ १९४१ सालीच सुरू झालं होतं, पण त्यामागे टाटांचा पैसा होता. मुथुलक्ष्मीबाईंकडे बायकांची एक संघटना होती. 'विमेन्स इंडियन असोसिएशन' तिचं नाव, १९१७ साली मद्रासच्या अड्यार भागात स्थापन झालेली. या संघटनेनं १९४९ साली कर्करोग मदत निधी उघडला आणि लोकांकडून पैसे गोळा करायला सुरुवात केली. आता खरं बोलायचं तर या बायका आपल्यासारख्या नव्हत्या. शहरातल्या, शिकलेल्या, ओळखीपाळखी असलेल्या होत्या. महिन्याचे शंभर रुपये बाजूला काढताना आपल्याला जी कसरत करावी लागते ती त्यांना नव्हती. तरीही, दहा ठिकाणी नकार ऐकायचा आणि अकराव्या दारात पुन्हा उभं राहायचं, हे काम कुणालाच सोपं नसतं. ज्यांनी गटासाठी बँकेच्या खेपा घातल्यात त्यांना हे कळेल.

१९५२ च्या ऑक्टोबरमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाया घातला गेला. १८ जून १९५४ रोजी इस्पितळ सुरू झालं. खाटा किती? बारा. अड्यारमधली एक साधी इमारत, थोडी सामग्री, बस. मुथुलक्ष्मीबाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत आल्या होत्या. त्यांचे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते, परदेशात कर्करोगावरचं शिक्षण घेऊन आलेले. त्यांनी तिथलं काम हाती घेतलं. आणि पुढच्या वर्षी त्यांच्या जोडीला आली शांता.

शांताचा जन्म ११ मार्च १९२७ चा, मद्रासच्या मैलापूर भागातला. घराणं विद्वानांचं. नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन हे आजोळच्या नात्यातले आजोबा, आणि पुढे ज्यांना नोबेल मिळालं ते चंद्रशेखर हे मामा. १९४९ मध्ये ती एम.बी.बी.एस. झाली, मग बायकांच्या आजारांचं आणि बाळंतपणाचं शिक्षण घेऊन १९५५ मध्ये एम.डी. झाली. सरकारी परीक्षाही पास झाली. मद्रासच्या सरकारी बायकामुलांच्या इस्पितळात नेमणूक झाली. म्हणजे बघा, कायमची नोकरी, मान, पुढे पेन्शन. आपल्या घरात लेकीला असा आदेश आला असता तर गावभर पेढे वाटले असते.

तिनं ती नोकरी घेतली नाही, आणि बारा खाटांच्या इस्पितळात जायचं ठरवलं. ओळखीच्या लोकांना हे पटलं नाही. बाईमाणूस डॉक्टर झाली की बाळंतपणं करायची, हीच तेव्हाची रीत. बाळंतपणाच्या दवाखान्यात हसू असतं, बारसं असतं. आणि हिनं निवडली ती जागा, जिथं लोक फक्त मरायला येतात असं सगळे म्हणत होते. १३ एप्रिल १९५५ रोजी ती इस्पितळाच्या आवारातच राहायला आली. पहिली तीन वर्षं पगार नव्हता. नंतर महिन्याला २०० रुपये आणि राहायला जागा. त्या आवारातून ती पुन्हा कधी बाहेर राहायला गेली नाही. लग्न केलं नाही. पासष्ट वर्षं, शेवटच्या दिवसापर्यंत, इस्पितळाचं आवार हेच घर.

इथं मला थोडं थांबायचं आहे. आपल्याला त्यागाच्या गोष्टी ऐकायला फार आवडतात. कुणी संसार केला नाही, पगार घेतला नाही, की आपण लगेच हात जोडतो, फोटोला हार घालतो आणि घरी जातो. डॉ. शांतांचा त्याग मोठा होताच, पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची व्यवस्था. दया म्हणजे नुसतं डोक्यावरून हात फिरवणं असं त्यांनी मानलं नाही. रोग्याला खाट लागते, औषध लागतं, किरणं देणारं यंत्र लागतं. तामिळनाडूच्या एखाद्या कोपऱ्यातून मद्रासला यायला गाडीभाडं लागतं. पुन्हा पुन्हा यावं लागतं, म्हणजे पुन्हा पुन्हा भाडं लागतं, आणि सोबत आलेल्या माणसाची मजुरी बुडते ती वेगळीच. यातली एक जरी गोष्ट नसली तरी उपचार अर्ध्यावर सुटतो. आणि अर्ध्यावर सुटलेला उपचार बघून गाव म्हणतं, बघा, कॅन्सरमध्ये कोण वाचतं?

म्हणून त्या एकेक गोष्ट मिळवत गेल्या. पन्नासच्या दशकातच कॅनडाहून कोबाल्टचं यंत्र आलं, आपल्या देशातल्या अशा अगदी सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक. हे यंत्र शरीराच्या आतल्या गाठीवर बाहेरून किरणं सोडतं. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग पुढे गेला, नुसती शस्त्रक्रिया पुरेनाशी झाली, की हे किरणच बाईला वाचवतात. तोंडाच्या कर्करोगावर किरणं आणि औषधं जोडीनं वापरायचे प्रयोग त्यांनी केले. हा तोंडाचा कर्करोग आपल्या बायकांचाही आहे बरं का. पुरुषांच्या तंबाखूला, गुटख्याला आपण नावं ठेवतो आणि सकाळी स्वतः मिश्री लावून बसतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. १९६० मध्ये लहान मुलांसाठी वेगळा विभाग सुरू झाला, तो देशातला पहिला मानतात. त्या काळी रक्ताचा कर्करोग झालेलं लेकरू घरी न्या, असंच सांगायची पद्धत होती. आज त्यातली कितीतरी मुलं बरी होऊन शाळेत जातात, मोठी होतात, लग्नं करतात.

पैशाचं गणितही त्यांनी सोडलं नाही. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या औषधांवरचा कर कमी व्हावा, रोग्यांना प्रवासात सवलत मिळावी, यासाठी संस्थेनं सरकारदरबारी पाठपुरावा केला. आपल्याकडेही कॅन्सरच्या रुग्णाला एसटीत आणि रेल्वेत सवलत आहे. किती जणींना माहीत होतं? मलाही मागच्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. आणि मी समन्वयक म्हणवते.

१९८० ते १९९७ डॉ. शांता संस्थेच्या संचालक होत्या. बारा खाटांच्या चारशेवर खाटा झाल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त खाटांवर गरिबांकडून पैसे घेत नाहीत, ही रीत त्यांनी मोडू दिली नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घ्यायचे, नाही त्याच्याकडून नाही, आणि उपचार दोघांना सारखाच द्यायचा. २००५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर. तरी रोज रोगी तपासणं चालूच होतं. १९८६ मध्ये पद्मश्री, २००६ मध्ये पद्मभूषण, २०१६ मध्ये पद्मविभूषण. पुरस्कारांची यादी इथं पुरे करते.

आता एक काम सांगते, जे बाहेरून फारसं दिसत नाही, पण ज्याचा धागा थेट आपल्या तालुक्यापर्यंत येतो. ते म्हणजे नोंद ठेवणं. आपण गटात पै-पैची नोंद ठेवतो ना? तशी रोगाची नोंद. १९८१ मध्ये डॉ. शांतांच्या संस्थेनं मद्रास शहरातल्या कर्करोगाच्या रोग्यांचं रजिस्टर सुरू केलं. शहरात कुणाला, कोणत्या वयात, कुठल्या अवयवाचा कर्करोग झाला, सगळं लिहायचं. वर्षानुवर्षं लिहिल्यावर काय दिसलं? गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, जो तिथल्या बायकांमध्ये सगळ्यांत जास्त होता, तो कमी कमी होत गेला, आणि स्तनांचा वाढत गेला. रजिस्टर नसतं तर हे कळलंच नसतं. पैसा कुठल्या तपासणीवर लावायचा, हेही कळलं नसतं.

अशी रजिस्टरं आधी शहरांतच होती. मुंबई, बंगळूर, मद्रास. खेड्यातल्या बायकांचं काय होतं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. मग १९८७ साली देशातलं ग्रामीण भागातलं पहिलं कर्करोगाचं रजिस्टर सुरू झालं. कुठं? बार्शीला. आणि त्यात गावं कुठली? बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली. म्हणजे आपली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. खेड्यातला रोगी स्वतःहून मोठ्या दवाखान्यात येत नाही, म्हणून तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरायचे. सरपंचाला, शिक्षकाला, दाईला, बायकांना भेटायचे. लक्षणं सांगायचे, कुणाला असं होतंय का विचारायचे. नोंदी मिळाल्याच, पण आणखी एक गोष्ट झाली. काही वर्षांनी दिसलं, की या भागातल्या बायका रोग लवकरच्या पायरीवर असतानाच दवाखान्यात यायला लागल्यात. औषध नवीन नव्हतं, यंत्र नवीन नव्हतं. कुणीतरी दारात येऊन त्या विषयावर बोललं होतं, एवढंच नवीन होतं.

नंतर १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त इस्पितळ, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ समूह केले आणि त्यांची चार भागांत वाटणी केली. एका भागातल्या बायकांची एचपीव्ही नावाच्या विषाणूसाठी तपासणी केली. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग याच विषाणूमुळे होतो. दुसऱ्या भागात पेशी काचेवर घेऊन तपासल्या, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं पातळ द्रव लावून डोळ्यांनी पाहिलं. चौथ्या भागातल्या बायकांना माहिती दिली, पण त्यांची तपासणी केली नाही. ज्यांच्यात दोष दिसला त्यांच्यावर उपचार केले.

२००९ साली निकाल छापून आला. एचपीव्हीची तपासणी झालेल्या ३४,१२६ बायकांमध्ये या कर्करोगानं ३४ जणी गेल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांमध्ये ६४ गेल्या. आठ वर्षांत एकदाच केलेली तपासणी, आणि मरणं जवळपास निम्मी. जगभरच्या डॉक्टरांनी हा अभ्यास वाचला. कुठल्या देशानं बायकांची तपासणी कशी करावी हे ठरवताना आपल्या जिल्ह्यातल्या बायकांचे आकडे पुढे ठेवले जातात. त्या चौथ्या भागातल्या ६४ जणींबद्दल टीकाही झाली. त्यांना तपासलं का नाही, असा प्रश्न विचारला गेला. मला तो प्रश्न बरोबर वाटतो. अभ्यासाला तुलना लागते हे कळतं, पण त्या ६४ जणी कुणाच्या तरी आया होत्या, जावा होत्या.

माझ्या सासूबाईंना विचारलं, तुम्हाला आठवतं का? त्या लगेच म्हणाल्या, "आठवतं की. बाया घरी यायच्या, चिठ्ठी द्यायच्या. मी काय जाणार नव्हते. तुझी आजेसासू म्हणाली, सरकारी हाय, फुकट हाय, जा. मग गेले. लाज वाटली, पण गेले." तपासणी कुठली झाली, निकाल काय आला, त्यांना माहीत नाही. एवढंच माहीत आहे, की नंतर कुणी पुन्हा बोलावलं नाही, म्हणजे सगळं ठीक असणार.

या तपासणीचं काम डॉ. शांतांचं नाही, दुसऱ्यांचं आहे. पण जे त्यांनी आयुष्यभर सांगितलं, तेच आपल्या रानातून जाऊन आलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की कर्करोग आणि मरण हे शब्द जोडून बोलूच नका. लवकर सापडला तर बरा होतो, आणि गर्भाशयाच्या मुखाचा तर होण्याआधीच टाळता येतो. लोक उशिरा येतात, म्हणून मरतात. मरतात म्हणून बाकीचे घाबरतात. आणि घाबरतात म्हणून तेही उशिरा येतात. हे चाक कुठंतरी अडवायला लागतं. मंत्र्याला ते दिसलं नाही. त्यांना बारा खाटा असतानाच दिसलं.

म्हणून थोडं स्पष्ट बोलते, पुरुषमंडळी ऐकत असतील तर ऐकू देत. पाळी गेल्यावर परत लाल जाणं, दोन पाळ्यांच्या मधे जाणं, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसणं, घाण वासाचं पांढरं जाणं. छातीत न दुखणारी गाठ. तोंडात न भरणारा चट्टा किंवा तोंड उघडायला त्रास. यातलं प्रत्येक म्हणजे कर्करोगच असं अजिबात नाही, बहुतेक वेळा साधंच काही निघतं. पण दाखवायचं. आणि काहीच त्रास नसला तरी तिशीनंतर तोंड, छाती आणि गर्भाशयाचं मुख तपासून घ्यायचं. सरकारच्या कार्यक्रमात हे आहे. आशाताईला विचारा, कोणत्या वारी कुठं होतं ते. नसेल होत, तर ग्रामसंघाच्या ठरावात घाला आणि आरोग्य केंद्राला पत्र द्या. रस्त्यासाठी देतो, पाण्यासाठी देतो, तसंच हे.

१९ जानेवारी २०२१ रोजी डॉ. शांता गेल्या. कोरोनाचं वर्ष सरत होतं, माणसं माणसाला भ्यायची तो काळ. वय त्र्याण्णव. सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले. मुथुलक्ष्मीबाई १९६८ मध्येच गेल्या होत्या, आणि डॉ. कृष्णमूर्ती २०१० मध्ये. तिघंही गेली, इस्पितळ चालू आहे. दोन डॉक्टरांवर उभं राहिलेलं काम दोन डॉक्टरांबरोबर संपलं नाही.

आता मावशींचं सांगते, कारण तुम्ही वाट बघत असाल.

त्या लगेच तयार झाल्या नाहीत. मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा गटाच्या सचिव सोबत होत्या. त्यांनीच सुनेला सांगितलं, मावशींना न विचारता. मावशी रागावल्या, आठ दिवस सचिवांशी बोलल्या नाहीत. पण सून मात्र शहाणी निघाली. तिनं एक शब्द न बोलता पिशवी भरली आणि सासूला घेऊन एसटीत बसली.

तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला. कर्करोग होता. पसरलेला नव्हता, पण पहिल्या पायरीवरही राहिला नव्हता. डॉक्टर म्हणाले, संक्रांतीला आला असतात तर नुसत्या शस्त्रक्रियेवर भागलं असतं, आता किरणं द्यावी लागतील. मावशी तिथं काही बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर सुनेला म्हणाल्या, "सात महिने कशाला गोठ्यात कपडे वाळत घातले गं मी?"

पाच आठवडे किरणं झाली. जायचं-यायचं, थकवा, जुलाब, तोंडाला चव नाही. गटानं अंतर्गत कर्जातून तिकिटाचे आणि राहण्याचे पैसे दिले, उपचार योजनेतून झाला. रान गेलं नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला जावं लागतं. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. डॉक्टरही अजून दोन-तीन वर्षं बघू म्हणतात.

मागच्या बैठकीला मावशी आल्या होत्या. बचत भरली, अंगठा दिला. मग पदराआडून एसटीच्या सवलतीचा कागद काढला, प्लॅस्टिकमध्ये घातलेला. शेजारी बसलेल्या बाईला दाखवत होत्या, तो कुठं मिळतो, कुणाची सही लागते, सगळं. त्या बाईच्या भावजयीला छातीत गाठ आहे म्हणे. मंगळवारी दोघी तिला घेऊन जाणार आहेत.